बिननावाच्या पेटीचं गाव शोधताना

आमच्या मिरजेच्या घरात माळ्यावर एक काळी पेटी होती. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन. सूटकेससारखी मूठ, दोन कड्या, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या. झाकण उघडायचं, हँडल घालून चावी द्यायची, साउंडबॉक्समध्ये, म्हणजे पिनेची थरथर आवाजात बदलणाऱ्या गोल डबीत, नवी पिन बसवायची आणि रेकॉर्ड लावायची. आजोबा ती पेटी सायकलला बांधून हरिपूरच्या संगमावर न्यायचे, असं आई सांगते. झाकणाच्या आत जिथे कंपनीचं चित्र असतं, तिथे आता फक्त एक फिकट लंबगोल डाग आहे. घरात सगळे तिला ‘एचएमव्ही’ म्हणायचे. आमच्याकडे कुठल्याही ग्रामोफोनला एचएमव्हीच म्हणत, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा.

ती एचएमव्ही नाही हे मला पस्तिशीत कळलं. मोटर उघडली तर तिच्यावर फक्त ‘स्विस मेड’ एवढी अक्षरं आणि एक आकडा. तिथून माझा नाद सुरू झाला. आज माझ्याकडे एकवीस पोर्टेबल, म्हणजे मुठीला धरून नेता येणारे ग्रामोफोन, आहेत आणि प्रत्येकीच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे: कंपनी, मॉडेल, साल, कुठून मिळाली. आजोबांच्या पेटीच्या चिठ्ठीवर मी बारा वर्षांपूर्वी ‘थॉरेन्स, स्वित्झर्लंड’ असं लिहून टाकलं होतं. आधार काहीच नव्हता, स्विस म्हटल्यावर तेच नाव आठवलं. ती चिठ्ठी मला टोचत होती. भाची लोझानला शिकायला गेली आणि “मामा, ये ना एकदा,” म्हणू लागली, तेव्हा २०१७च्या सप्टेंबरात निघालो. बॅगेत कपडे कमी. आजोबांच्या धोतरात गुंडाळलेला पेटीचा वरचा पाट, त्याला अडकलेली मोटर, आणि वेगळ्या डबीत साउंडबॉक्स.

शुक्रवार

मुंबईहून जिनिव्हा, तिथून आगगाडीने लोझान. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली, धोतर सोडलं, मोटर पाहिली. त्यातल्या एका वयस्कर माणसाने ‘स्विस मेड’ वाचलं आणि काही न विचारता पुन्हा नीट गुंडाळून दिलं. भाचीने पिठलं-भात करून ठेवला होता. जेवून झोपलो.

शनिवार, जिनिव्हा

जिनिव्हात प्लँपाले नावाचं मोठं मैदान आहे, समभुज चौकोनासारखं, जमीन तांबूस खडीची. बुधवारी आणि शनिवारी तिथे जुना बाजार भरतो. सकाळी आठलाच पोचलो, कारण जुन्या बाजारात उजाडताना जो असतो त्यालाच काही मिळतं. हे मुंबईच्या चोर बाजारालाही तितकंच लागू आहे.

पहिल्याच रांगेत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन दिसला आणि मन खट्टू झालं. लांबूनच ओळखला. चकचकीत पातळ पितळेचा भोंगा, अष्टकोनी पेटी, पेटीवर कुत्र्याच्या चित्राची पितळी पट्टी. असे नवे ‘जुने’ भोंगे आपल्याच देशातून गेली कित्येक वर्षं जगभर जाताहेत. भोंगा नवा, लाकूड नवं, पण आतली मोटर आणि साउंडबॉक्स पुष्कळदा खरे जुने असतात. ते कुठून येतात? धडधाकट पोर्टेबल पेट्या फोडून. विकणाऱ्याची परवानगी घेऊन मी रेकॉर्डखालची फिरती तबकडी उचलून आत पाहिलं. मोटर पोर्टेबलचीच, अगदी एचएमव्ही १०१ किंवा १०२ मध्ये असते तशी. म्हणजे हा एक भोंगा उभा राहावा म्हणून कुठेतरी कुणाच्या तरी आजोबांची पेटी मोडली गेली. याचा मला खरोखर राग येतो. भोंगा दिसायला देखणा, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे वळतं, आणि साधी काळी पेटी भंगारात जाते.

पोर्टेबलचा इतिहास भोंग्याइतकाच मोलाचा आहे. १९१४ साली लंडनच्या बार्नेट सॅम्युअल कंपनीने ‘डेका’ नावाची पेटी काढली. भोंगा नाही, झाकणातला वाडग्यासारखा खोलगट पत्राच आवाज पुढे फेकतो. महायुद्ध सुरू झालं आणि सैनिकांनी ती खंदकांत नेली. पुढे प्रसिद्ध झालेली डेका रेकॉर्ड कंपनी हे नाव या पेटीवरूनच आलं. मग १९२५मध्ये एचएमव्ही १०१ आली, १९३१मध्ये १०२, आणि ही १०२ पुढे पंचवीसहून अधिक वर्षं निघत राहिली. आपल्याकडे माळ्यांवर सापडतात त्या बहुतेक १०२ किंवा कोलंबियाच्या. दुर्मिळ म्हणाव्यात अशा पेट्या वेगळ्या. त्यातल्या दोन मला बाजाराच्या मधल्या रांगेत एकाच टेबलावर भेटल्या.

एक होती मिकिफोन. खिशातला ग्रामोफोन म्हणून ती ओळखली जाते, आणि मोठ्या कोटाच्या खिशात ती खरंच मावते. निकेल चढवलेली गोल डबी, जाड घड्याळासारखी, व्यास वीतभरही नाही. वादास नावाच्या हंगेरियन बंधूंची ही कल्पना. १९२०च्या दशकाच्या मध्यात स्वित्झर्लंडमधल्या सँत-क्र्वा गावच्या पायार कारखान्याने ती बनवली. डबी उघडली की आतून घडीचा टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरून रेकॉर्डवरून सरकणारा दांडा, निघतो, साउंडबॉक्स निघतो, हँडल निघतं, आणि सेल्युलॉइडचे दोन अर्धे भाग निघतात. ते एकमेकांना जोडले की आवाज घुमवणारा पोकळ डबा तयार होतो. एवढ्याशा डबीवर दहा इंची रेकॉर्ड ठेवायची, ती चहूबाजूंनी बाहेर येते आणि छत्रीसारखी फिरते. पूर्ण चावीत एक बाजू वाजते.

त्या टेबलावरच्या मिकिफोनमध्ये सेल्युलॉइडचे भाग नव्हते. नसतातच बहुधा. सेल्युलॉइड आक्रसतं, तडकतं, हरवतं. विकणारा म्हणाला, “पूर्ण आहे.” भाचीने फ्रेंचमध्ये विचारलं, मग आवाज कुठून येणार? त्याने खांदे उडवले. साडेतीनशे फ्रँक सांगत होता. मी डबी बराच वेळ हातात धरली, झाकण उघडलं, मिटलं, आणि परत ठेवली.

शेजारी होती थॉरेन्सची एक्सेल्डा, १९३०च्या दशकातली, घडीच्या कॅमेऱ्यासारखी दिसणारी लांबट पत्र्याची पेटी. ही मात्र ओळखायला अवघड नाही, नाव झाकणावरच असतं. पण नाव असलं म्हणजे काम संपत नाही. आत प्रत्येक सुट्या भागाला ठरलेली जागा असते. हँडलची खाच रिकामी दिसली तर हँडल गेलंय, आणि विकणारा जे हँडल काढून देतो ते दुसऱ्याच मशीनचं असतं. इथेही तसंच निघालं. हँडल घालून बघितलं तर आटे बसेनात. नाही घेतली.

भाची म्हणाली, “मामा, तू इतक्या लांब येऊन काहीच घेतलं नाहीस.” मी म्हटलं, अगं, मी घ्यायला नाही, विचारायला आलोय.

रविवार, लोझान

दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मोटर स्वच्छ केली. मंगळवारी सँत-क्र्वाला जायचं होतं. तिथे ती कुणाला दाखवायची वेळ आली, तर मळकट मोटर कशी दाखवणार? भाची समोर बसून प्रश्न विचारत होती.

तिला सांगितलं, पेटी ओळखताना मी बाहेरून आत जातो आणि विश्वास मात्र उलट क्रमाने ठेवतो. सगळ्यात वर चित्र किंवा बिल्ला. त्यावर सगळ्यात कमी विश्वास, कारण चित्र नवं चिकटवता येतं. मग रेक्झिनचा रंग. मला एकदा मुंबईत एकाने ‘दुर्मिळ लाल’ १०२ विकली होती. १०२ लाल रंगात निघाली होती हे खरं, म्हणून मी भुललो. घरी येऊन बिजागरीचा एक स्क्रू काढला, तर खाली काळ्या रेक्झिनची कड दिसली. पेटी मूळची काळीच होती, वरून लाल चढवलं होतं. तेव्हापासून बिजागरीचा स्क्रू काढल्याशिवाय मी रंगाबद्दल बोलत नाही.

मग साउंडबॉक्स. हा फार बोलका असतो. १०१वर चार नंबरचा येतो. १०२वर आधी सोळा नंबर, मग ५-ए, मग ५-बी, त्यावरून पेटी आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो. जुन्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा पडदा असतो, नंतरच्यांत ॲल्युमिनियमचा, वळ्या पाडलेला. पण साउंडबॉक्स ही ग्रामोफोनची चप्पल आहे, देवळाबाहेर बदलून जाते. एका स्क्रूवर निघतो, दुसरा बसतो. शिवाय त्या काळी बरेच साउंडबॉक्स आणि टोनआर्म जस्ताच्या ओतीव धातूचे करत. त्यात शिशाचा अंश राहिला असला की वर्षानुवर्षं तो धातू आतून फुगत जातो, भेगा पडतात आणि एक दिवस हातात भुगा येतो. मग दुरुस्तीवाला जो असेल तो बसवतो. आजोबांच्या पेटीवर एचएमव्हीचा ५-ए आहे. घरात सगळे तिला एचएमव्ही का म्हणायचे त्याचं हे दुसरं कारण.

राहिली मोटर. हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा. मोटर पाटाला तीन-चार स्क्रूंनी बसवलेली असते. दुसरी मोटर बसवायची तर नवी भोकं पाडावी लागतात आणि जुनी बुजवावी लागतात. बुजवलेलं भोक बोटाला लागतं. आजोबांच्या पाटावर एकही जादा भोक नाही. म्हणजे हीच मोटर पहिल्या दिवसापासूनची.

मी गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, काढला. कितीही वेळा पाहिला तरी मला या भागाचं कौतुक वाटतं. एक दांडा, त्याभोवती पातळ पोलादी पट्ट्यांवर बसवलेली तीन वजनं. कमान, म्हणजे चावी दिलेली स्प्रिंग, सुटायला लागली की दांडा फिरतो, वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात आणि दांड्यावरची चकती सरकत येऊन एका चामड्याच्या तुकड्याला घासते. वेग वाढला की घासणं वाढतं, घासणं वाढलं की वेग उतरतो. पहिल्या चावीला कमानीत भरपूर जोर असतो आणि शेवटाला जीव गेलेला असतो, तरीही रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांवर टिकते ती या तीन वजनांमुळे. आमच्या मोटरमधलं चामडं वाळून काचेसारखं झालं होतं. चाकूच्या टोकाने खरवडून, तेलाचा एक थेंब दिला.

कमानीचा डबा मात्र उघडला नाही. ती कमान कित्येक फूट लांब पोलादी पट्टी असते, गुंडाळलेली. नीट न धरता सुटली तर हात कापून निघतो.

पाटाच्या खालच्या बाजूचा काळा रंग पुसताना एका कोपऱ्यात निघून आला आणि खाली तपकिरी-सोनेरी रेषांचं लाकूड दिसलं. छान दिसत होतं. तेवढंच मनात आलं आणि पुढच्या कामाला लागलो.

सोमवारी पाऊस, आणि इथली बरीच संग्रहालयं सोमवारी बंदच असतात. मोटर जोडली, तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा लावून घड्याळ समोर ठेवून फेऱ्या मोजल्या. ७६. स्क्रू थोडा पिळला. ७८.

मंगळवार, सँत-क्र्वा

इव्हेर्दोंहून छोट्या रुळांची गाडी निघते. साधारण चोवीस किलोमीटरमध्ये ती सहाशेहून जास्त मीटर चढते. व्हुइतबफच्या पुढे डोंगराची भिंत समोर येते आणि गाडी जंगलातून वळणं घेत वर जाते. उजवीकडे खाली सगळं पठार, तळं आणि त्याच्यापलीकडे आल्प्सची रांग. या मार्गाची एक गोष्ट भाचीने वाचून दाखवली. १८९३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हा पैसा घालणारे विल्यम बार्बे हे वनस्पतीशास्त्रज्ञ मोठे धार्मिक गृहस्थ होते. त्यांनी अट घातली की पंचवीस वर्षं रविवारी गाडी धावणार नाही. ती अट १९१८पर्यंत पाळली गेली. त्या काळी सँत-क्र्वाच्या कारागिराला रविवारी डोंगर उतरायचा तर पायीच उतरावा लागे. मग तो घरी बसून काय करत असेल? मला तर वाटलं, बाकावर बसून कानस मारत असेल.

गाव हजार मीटरच्या वर. हिवाळा लांब, शेती थोडी. शेतकरी घरात बसून आधी लेस विणायचे, मग घड्याळाचे भाग करायचे, आणि एकोणिसाव्या शतकात या गावाने संगीतपेट्यांत नाव काढलं. दात्यांची पोलादी फणी, त्याला छेडणारा खिळ्यांचा दंडगोल. पायार घराण्याचं काम १८१४पासूनचं. हेर्मान थॉरेन्सने १८८३मध्ये आपलं काम सुरू केलं तेही संगीतपेट्यांचंच. मग फोनोग्राफ आला. माणसाचा खरा आवाज ऐकायला मिळाल्यावर खिळ्यांचा दंडगोल कोण विकत घेणार? सगळं गाव बसलं असतं. पण संगीतपेटीला लागते तशीच कमान, तसेच दाते, तसाच वेग सांभाळणारा भाग ग्रामोफोनलाही लागतो. गावाने धंदा बदलला, हात तेच ठेवले.

हे वाचताना मला मिरज दिसत होती. आमच्याकडचे शिकलगार तलवारींना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. राजवटी बदलल्या, हत्यारांचा धंदा बसला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याच घराण्यांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. आज भोपळ्याचा तंबोरा म्हटला की मिरज. अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते याच गावात, आणि त्यांची कबरही इथेच आहे. त्यांच्या रेकॉर्डी आजोबांकडे होत्या. तंबोरा ज्या गावात घडतो त्याच गावात त्या तंबोऱ्याचा आवाज सँत-क्र्वाच्या मोटरवर फिरत होता, हे त्या गाडीत बसून पहिल्यांदा असं समोर आलं.

संग्रहालय पायारच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीतच आहे. स्वतःच फिरता येत नव्हतं, सोबत माहिती देणाऱ्या बाई होत्या आणि त्यांनी एकेक यंत्र चालवून दाखवलं. संगीतपेट्या, मान हलवणाऱ्या बाहुल्या, मग ग्रामोफोन. पुढच्या दालनात पायारचेच हर्मिस टाइपरायटर आणि बोलेक्स सिनेकॅमेरे. एकाच कारखान्यातून हे सगळं! काचेच्या कपाटात मिकिफोन होता, सेल्युलॉइडच्या दोन्ही भागांसकट. शनिवारी हातात धरलेली अपुरी डबी पुरी झाल्यावर कशी दिसते ते पाहिलं. भाग तपकिरी, कासवाच्या पाठीसारखे ठिपकेदार, आणि कडेला कुणाच्या तरी अंगठ्याने झिजलेला एक चपटा डाग.

फेरी संपल्यावर मी धोतर सोडून पाट टेबलावर ठेवला. भाचीने थोडक्यात सांगितलं. बाईंनी मोटर निरखली, म्हणाल्या, “मी सांगू शकत नाही, पण लोबेर्सोंला एक गृहस्थ आहेत.” आणि लगेच फोन लावला.

बुधवार, लोबेर्सों

बस खिंड ओलांडून पलीकडच्या उघड्या पठारावर उतरते. दोन्हीकडे कुरणं, गाई, गाईंच्या गळ्यात मोठाल्या घंटा. फ्रान्सची हद्द इथून जवळच.

ते गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. वडील पायारच्या ग्रामोफोन विभागात होते, स्वतः त्यांनी तिथेच टाइपरायटरवर काम केलं. घराच्या खालच्या मजल्यावर बाक, खिडकीला लागून, जसा या भागात सगळीकडे असतो. बाकावर छोट्या छोट्या शिक्क्यांच्या डब्या, पिनांच्या दोनशेवाल्या डब्या, आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवर मोटरी. पेट्या नाहीत, नुसत्या मोटरी. मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला.

त्यांनी माझी मोटर घेतली, उलटी केली, ‘स्विस मेड’ वाचलं आणि डोळ्याला भिंग लावलं. काही बोलले नाहीत. उठून फळीवरून तीन मोटरी काढल्या. तिन्हींवर नाव होतं. दोन पायारच्या, एक थॉरेन्सची. चारही ओळीने मांडल्या आणि माझ्या हातात कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घेण्याचं हत्यार, दिला.

“तुम्ही मोजा,” असं भाचीकरवी म्हणाले. “मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. मोजलं तर कळेल.”

मी मोजायला लागलो. आधी पत्र्यातल्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर. थॉरेन्सशी जुळेना. पायारच्या पहिल्या मोटरशीही नाही. दुसरीशी केसाइतका फरक नाही. मग कमानीच्या डब्याचा व्यास. जुळला. मुख्य चाकाचे दाते मोजले, खडूने पहिल्या दात्यावर खूण करून, दोनदा. दोन्हींवर सारखे. गव्हर्नरच्या वजनांना मधोमध चर आहे, तोही दोन्हींत सारखा. शेवटी त्यांनी माझ्या मोटरचा गव्हर्नर काढून त्यांच्या मोटरमध्ये बसवला. बसला. चावी दिली. फिरायला लागला.

मोटर पायारची. बारा वर्षं मी चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

मी विचारलं, मग पेटीचं मॉडेल कोणतं? पायारच्या कुठल्या यादीत ती मिळेल?

त्यांनी पाट हातात घेतला. कोपऱ्यातला रंग निघालेला भाग खिडकीच्या उजेडात धरला, नखाने खरवडला, नाकाशी नेला. मग मला विचारलं, “हे लाकूड कोणतं?”

मी पाहिलं आणि उत्तर तोंडात आलं. सागवान. आमच्या घराच्या खांबांचं, माळ्याच्या तुळयांचं, ज्या पाटावर मी लहानपणी जेवलो त्या पाटाचं लाकूड. रविवारी तेच लाकूड माझ्या हाताखाली होतं, मी त्याला छान म्हणालो आणि पुढे गेलो. स्वित्झर्लंडच्या डोंगरात सागवान कुठून येणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

“आमच्याकडे असं झाड नाही,” ते म्हणाले. “आमचे सुतार बीचचं लाकूड वापरायचे, फरच्या झाडाचं वापरायचे. वडील सांगायचे, मोटरी खोक्यांतून भरून बाहेर जायच्या. पेटी ज्याची त्याने करायची.”

आता सगळं जुळलं. मोटर इथली. पेटी आपल्याकडच्या सुताराने केलेली, भोकं त्यानेच मोटरवर मापून पाडलेली, म्हणून एकही जादा नाही. झाकणातला लंबगोल डाग कारखान्याचा नसून बहुधा विकणाऱ्या दुकानाच्या बिल्ल्याचा. साउंडबॉक्स पहिला फुटल्यावर नंतर कुणीतरी बसवलेला. तिला मॉडेलच नाही. कुठल्याही यादीत ती सापडणार नाही, कारण ती कुठल्याही कारखान्यातून पुरी बाहेर पडलीच नव्हती. मला याचं वाईट वाटेल असं भाचीला वाटलं असावं, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण मला फार बरं वाटत होतं. नाव नसलेल्या त्या सुताराचा हात मला पहिल्यांदा दिसला. पाटाच्या खाली, जिथे कुणी कधी पाहणार नाही, तिथेही त्याने कडा गोल केल्या आहेत.

त्यांनी कॉफी केली. मी पिशवीतून लाखेची एक कांडी काढून त्यांना दिली, मिरजेतल्या दुकानातून मुद्दाम आणली होती. जुन्या ७८च्या रेकॉर्डी लाखेच्या असत, आणि ती लाख बरीचशी आपल्या देशातून जाई. त्यांनी आयुष्यभर रेकॉर्डी हाताळल्या, पण कच्ची लाख पाहिली नव्हती. आगकाडी ओढून कांडीचं टोक तापवलं, बोटाने ओढून तार काढली, वास घेतला आणि हसले. म्हणाले, “हा वास मला माहीत आहे. तापलेल्या रेकॉर्डचा.”

निघताना त्यांनी एका डबीतून चामड्याचा नखाएवढा तुकडा काढून माझ्या मोटरच्या गव्हर्नरला बसवून दिला. जुना वाळलेला तुकडा फेकायला निघाले, तो मी मागून घेतला.

गुरुवार, परतताना

सकाळची गाडी धुक्यातून खाली उतरली. व्हुइतबफला ऊन आलं. बॅग मांडीवर होती.

लोझानला भाचीच्या टेबलावर बसून नवी चिठ्ठी लिहिली. पुठ्ठा तिच्याच वहीचा मागचा. ‘मोटर: पायार, सँत-क्र्वा. साउंडबॉक्स: एचएमव्ही ५-ए, नंतर बसवलेला. गव्हर्नरचं चामडं: लोबेर्सों, सप्टेंबर २०१७. पेटी: सागवान, भारतात केलेली.’ मॉडेलच्या ओळीसमोर काय लिहू, असं भाचीने विचारलं. मी ती ओळ कोरी ठेवली. खाली आणखी एक ओळ वाढवली, ‘मालक’, आणि तिथे आजोबांचं नाव पूर्ण लिहिलं.